करार मालिकेतला आणि आपला

मराठी मालिकेतली हसरी प्रेमकथा म्हटली की अनेकांना अजूनही ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आठवते. सतीश राजवाडे यांची ही मालिका झी मराठीवर २०१२ साली आली आणि त्याच वर्षी संपली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’सारखी ती २०१६ ते २०२१ अशी ताणली गेली नाही. घना (स्वप्नील जोशी) आणि राधा (मुक्ता बर्वे) यांना खरं तर लग्नच नको असतं. घरच्यांचा आग्रह टाळायला दोघं खोटं लग्न करतात, पुढे वेगळं होण्याच्या बोलीवर. आणि मग प्रेमात पडतात.

लोक हसले ते त्यांच्या लपवाछपवीला. मला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. अटी ठरत होत्या तेव्हा राधा समोर बसलेली होती.

लाखांदूरकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्रभर नाटक चालतं, पाहुणे येतात, त्याच गर्दीत सोयरिकीच्या गोष्टी निघतात. बोलतात मोठी माणसं. मुलगी चहा घेऊन येते आणि आत जाते. घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, चित्र फारसं वेगळं नाही.

आपण मुसलमान मात्र अभिमानानं सांगतो की निकाह हा करार आहे, मुलीच्या होकाराशिवाय तो होत नाही आणि मेहेर तिचा हक्क आहे. खरंच आहे. पण होकार विचारतो केव्हा? मांडव पडल्यावर, डेगा चढल्यावर, वकील आणि साक्षीदार समोर आल्यावर! त्या घडीला ‘नाही’ म्हणायची कोणत्या मुलीची हिंमत होणार? मेहेरची रक्कमही अनेकदा ती तेव्हाच ऐकते.

कुणी म्हणेल, आता मालिका पाहून लग्नं ठरवायची काय? मुळीच नाही. पण निकाहनाम्यात अटी लिहिता येतात. शिक्षण पुढे चालेल का, नोकरी करता येईल का, राहायचं कुठं, हे मुलीनंच विचारायला हवं. सोयरीक पक्की होण्याआधी दोघांना तासभर बोलू द्या, घरातली माणसं शेजारच्या खोलीत बसू देत. मेहेर तिला विचारून ठरवा. ती नको म्हणाली तर पाहुण्यांना चहा पाजून सन्मानानं वाटेला लावा.

करार म्हणवणाऱ्या गोष्टीत दोन्ही बाजूंना तोंड हवं. प्रेम त्यानंतर येईल.