'वजा : देणी'

रमजानच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत जकातच्या हिशोबाचा एक छापील कागद वाटला जातो. वर रोकड, बँकेतली शिल्लक, सोनं, चांदी, दुकानातला माल असे रकाने. सगळ्यात खाली एक रकाना : 'वजा : देणी'. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक ज्याच्याकडे आहे आणि तिला वर्ष उलटलं आहे, त्याने तिचे अडीच टक्के काढून हक्कदारांना द्यायचे, हे आता आमच्या बिगरमुस्लिम शेजाऱ्यांनाही ठाऊक असतं. त्या शेवटच्या रकान्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मीही कित्येक वर्षं तो कोरा सोडत होतो.

कारण साधं होतं. हा हिशोब आम्ही नवराबायको एकत्र बसून करतो. तिथे खरा आकडा लिहिला असता तर बेगमला कळलं असतं. त्यामुळे देणी शून्य धरून मी जरुरीपेक्षा जास्त जकात द्यायचो आणि मशिदीतून ताठ मानेने बाहेर पडायचो. जास्त दिली, सवाबच मिळाला, असं कुणी म्हणेल. पण खात्यातले पैसे जकातीत गेले की महिनाअखेरीचं वाणसामान कार्डावर यायचं. माझी दानत उधारीची होती.

दोन वर्षांपूर्वी आठव्या की नवव्या रोजाला, असरच्या नमाजनंतर, आम्ही असेच कागद घेऊन बसलो होतो. सोन्याचा भाव बघायला तिने माझा मोबाइल घेतला आणि नेमका त्याच वेळी कार्डाच्या बिलाचा मेसेज आला. तिने तो दोनदा वाचला.

"चौरासी हजार बाकी? किसके?"

मी गप्प. मग तिने आवाज न चढवता विचारलं, "और बी है क्या?"

होतं. दुसऱ्या कार्डाचे 37 हजार होते. बहिणीच्या लग्नासाठी घेतलेलं तीन लाखांचं पर्सनल लोन होतं, 14 टक्के व्याजाचं, महिन्याला 10,253 रुपयांचा हप्ता. वर्षभर हप्ते भरूनही 2 लाख 13 हजार बाकी होते. लोन तिला माहीत होतं, पण ते दीड लाखाचं असं मी सांगितलं होतं. तिने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर बेरीज मांडली : 3 लाख 34 हजार. इफ्तारची अजान होईपर्यंत आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत होतो.

सगळ्यात लाज कशाची वाटली असेल, तर तिने पुढे विचारलेल्या प्रश्नाची. लग्नाचा खर्च समजला, पण हे 84 हजार कुठे गेले? निम्म्या रकमेचा हिशोब मला देता आला नाही. थोडे हॉटेलात, थोडे ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंवर, बरेचसे इतरांच्या लग्नातल्या आहेरांवर. मोठी चैन त्यात एकही नव्हती. 'प्रोफेसर साहेब' या दोन शब्दांचा तो खर्च होता.

आता त्या 84 हजारांचं गणित बघा, कारण या शहरात हे गणित हजारो घरांत चालू असावं. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे 2,940 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 529. झाले 3,469. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून जो आकडा ठळक छापलेला असतो तो साधारण पाच टक्के, म्हणजे 4,200. मी दर महिन्याला इमानेइतबारे तेवढे भरत होतो आणि स्वतःला वेळेवर पैसे भरणारा माणूस समजत होतो. प्रत्यक्षात मुद्दल कमी होत होतं 731 रुपयांनी. शिवाय बाकी पूर्ण फेडलेली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दूध आणलं तरी त्याच दिवसापासून व्याज. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. माझ्याही बिलावर तो होता. मराठीचा प्राध्यापक, पण तो मजकूर मी कधी वाचला नव्हता.

आमच्या समाजापुरतं एक वेगळं बोललं पाहिजे. सूद हराम आहे हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. त्यामुळे व्याजाच्या कर्जात अडकलेला मुसलमान दुहेरी लपतो : बायकोपासूनही आणि इमामसाहेबांपासूनही. मिंबरवरून सूदवर बयान होतं तेव्हा खाली बसलेल्या किती जणांच्या खिशात कार्ड आहे हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. पैगंबर साहेब नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आसरा मागत. कुणीतरी विचारलं, कर्जाची इतकी धास्ती कशाला? तर त्यांच्या उत्तराचा आशय असा की, माणूस कर्जात पडला की बोलताना खोटं बोलतो आणि दिलेला शब्द मोडतो. दीड लाख आणि तीन लाख यांच्यातला फरक मला त्या दिवशी या हदीसमधून कळला.

आणि कुरआनमधली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे? स्वर्ग-नरकाबद्दल नव्हे. सूरे बकरातली 282वी ही आयत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे : मुदत ठरवा, लिहून घ्या, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. वर्षानुवर्षं तिलावत करूनही मी घरात एक वही ठेवली नव्हती.

वही आली ती दुसऱ्या दिवशी, शंभर पानी, मुलीच्या दप्तरातली. पहिला महिना आम्ही काहीच कापलं नाही, फक्त लिहिलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण बजेट म्हटलं की लोक आधी चहा तोडतात आणि आठवड्यात कंटाळतात. आमच्या वहीत चहा निर्दोष सुटला. पकडले गेले ते बाहेरून मागवलेलं जेवण, न बघितलेल्या दोन ओटीटी वर्गण्या, आणि आहेर. मोबाइलवरून पैसे जाताना हात जड होत नाही, म्हणून वाणसामान, दूध-भाजी, पेट्रोल यांची रोख रकमेची पाकिटं केली. पाकीट संपलं की संपलं. दोन्ही कार्डं बेगमने कपाटाच्या लॉकरमध्ये निकाहनाम्याच्या खाली ठेवली. तिथून ती मागायची माझी हिंमत नव्हती.

लहान कार्डाचा निकाल तिनेच लावला. तिच्याकडे सहा ग्रॅमची एक जुनी, तुटलेली साखळी होती. मी नको म्हणालो. बायकोचं सोनं हे बायकोचंच, नवऱ्याचा त्यावर काडीचा हक्क नाही, हे शरीअतचं साधं कलम आहे. ती म्हणाली, "हक नहीं, मालूम है. कर्ज दे रही हूँ, लिखो." कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसनं. मी रक्कम लिहायला गेलो तर तिने थांबवलं : रुपये नको, सोनं लिहा. सहा ग्रॅम. साखळी मोडून 37 हजारांचं कार्ड बंद झालं. त्यानंतर सोन्याचा भाव कुठे गेला हे वाचकांना मी सांगायला नको. सहा ग्रॅमच्या बदल्यात सहा ग्रॅमच द्यायचं असल्यामुळे हे व्याज होत नाही, असं मौलाना म्हणाले, आणि गालात हसले.

मोठ्या कार्डावर लोनच्या हप्त्याशिवाय महिन्याला 11 हजार टाकायचे ठरलं. आधी लोनच का नाही, असं भाऊ विचारत होता. कारण एकाचं व्याज वर्षाला 14 टक्के, दुसऱ्याचं 42 आणि वर कर. ज्या भांड्याला मोठं भोक, ते आधी बुजवायचं. नवी खरेदी बंद ठेवली तर या वेगाने दहाव्या महिन्यात बाकी शून्य होते, आणि तशी ती झाली. मधल्या दोन महिन्यांत आम्ही अडखळलो. अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा बेगमच्या भिशीचा नंबर लवकर मागून घेतला. भिशीतल्या बायकांनी का म्हणून विचारलं नाही. पुरुषांनी विचारलं असतं.

खरी परीक्षा बाहेर होती. दरवर्षी मी कॉलेजच्या सहकाऱ्यांना इफ्तारला बोलवायचो, बिर्याणीसह. त्या वर्षी स्टाफरूममध्ये सांगून टाकलं की यंदा फक्त खजूर, फळं आणि सरबत, हात आखडता आहे. क्षणभर शांतता. मग इतिहासाचे सर म्हणाले, "मग भजी आमच्याकडून." आले, भजी घेऊन आले. जाताना मला जिन्यात गाठून हळूच म्हणाले की दिवाळीपासून त्यांचंही एक कार्ड असंच लोंबकळतंय, घरी सांगितलेलं नाही. "तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली म्हणतात. पण ते सावकाराच्या बाजूला होते हो, आपण कुळाच्या." दोघंही हसलो. त्यांना मी तो छापील कागद दिला. वरचे रकाने सोडा, खालचा भरा, म्हटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे कर्जाची चर्चा पापाच्या किंवा अब्रूच्या भाषेत होते, आणि दोन्ही भाषांत माणूस तोंड लपवतो. जुम्याच्या बयानात सूदच्या गुनाहसोबत त्या 731 रुपयांचंही गणित सांगितलं जावं. कुरआनने जकातचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला माणूस स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. भाऊ-बहिणींना जकात देता येते; आईवडील, मुलं यांना नाही. तरी आपण अनोळखी पावतीपुस्तकाला पैसे देतो आणि सख्ख्या भावाला विचारत नाही, तुझं काही देणं आहे का? आधी त्याची वही बघा, कार्ड बंद केलंय का विचारा, मग द्या. अडलेल्या कर्जदाराला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्या, असंही सूरे बकराच सांगते. आणि हप्त्यांचं कर्ज जकातमधून किती वजा करायचं यावर उलमांत मतभेद आहेत, तेव्हा आपापल्या मौलानांना विचारलेलं बरं.

सध्या विजापूर वेशीतला बाजार रात्री उशिरापर्यंत चालतो. बँकांचे 'ईद ऑफर'चे मेसेज सहरीच्या वेळेलाच येतात, हे त्यांना कोण सुचवतं कोण जाणे. दिवसभर पाण्याचा घोट न घेणारे आपण तरावीहनंतर सहा हप्त्यांत शेरवानी घेतो. त्या ईदला मी जुनाच कुर्ता इस्त्री करून घातला. ईदगाहवर कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि याचं मला थोडं वाईटच वाटलं.

यंदाचा कागद परवा आला. लोनचा शेवटचा हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला आहे. खालच्या रकान्यात मी 10,253 लिहिले आणि वही मिटायला लागलो, तर बेगमने बोट ठेवलं. तिच्या सहा ग्रॅमपैकी दोन अजून बाकी आहेत.