पडद्यावरची कारभारीण



दर आठवड्याला आपण खते, बियाणे, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज थोडा विरंगुळा. नोकरी शेतीखात्यात असली तरी मला सिनेमाचा नाद लहानपणापासूनचा. जत्रेतल्या तंबूत पोत्यावर बसून ‘मदर इंडिया’ पाहिला, तेव्हापासून पडद्यावर शेतकरीण दिसली की मी सावरून बसतो.

तो सिनेमा १९५७ सालचा. त्यातली नर्गिसची राधा स्वतः खांदा लावून औत ओढते. त्या वेळी तंबूतल्या आयाबाया पदराने डोळे पुसत होत्या. मोठेपणी पुन्हा पाहिला तेव्हा दुसरीच गोष्ट मनाला लागली. सावकार सुखीलालाची वही त्या घरात कोणालाच वाचता येत नाही. अंगात बळ होते, पण कागद परक्याच्या हातात होता.

पुढे २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. त्यातली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टरही चालवते. पोरींना ती फार आवडली. पण घरच्यांनी तिला ट्रॅक्टर चालवू दिला, स्वतःच्या लग्नाचे काही ठरवू दिले नाही. शेवटी जीवच घेतला.

२०२४ साली किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ आला. रेल्वेच्या डब्यात घुंगटामुळे दोन नववधूंची अदलाबदल होते. त्यातल्या जयाला डेहराडूनला जाऊन जैविक शेती शिकायची असते. हे ऐकून मला कोण आनंद झाला! डॉक्टर, कलेक्टर होऊ पाहणाऱ्या नायिका पुष्कळ पाहिल्या, शेती शिकायला निघालेली मी पहिल्यांदाच पाहिली. नाहीतर रोज रात्रीच्या मालिका पाहा. घर शेतकऱ्याचे असले तरी सुनेच्या हाती खुरपे क्वचितच दिसते.

पण मालिकावाल्यांना तरी काय बोलावे? नोकरीच्या सुरुवातीला एका गावी मी कपाशीवरील अळीबद्दल सभा घेतली. समोर सगळे बाप्ये. सभा संपताना दाराआडून एक बाई म्हणाल्या, “सायेब, अळ्या येचतो आमी, अन् सांगताय यांना!” मी खजील झालो. तेव्हापासून सभेला नवरा-बायकोला जोडीने बोलावतो.

म्हणून आज टीव्ही बंद केल्यावर एवढे करा. घरचा सातबारा काढून पाहा. निंदणी, खुरपणी, वेचणी जिच्या हातची, तिचे नाव त्यावर आहे का? महाराष्ट्र शासनाने १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजना आणली. पतीने अर्ज केला तर तिच्याखाली पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या पूर्वीच्या तलाठ्याकडे, चौकशी करा. आणि हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे, हेही ध्यानात ठेवा. राधेला वही वाचता येत नव्हती. आपल्या लेकी शिकल्या आहेत, कागद त्यांनाच वाचायला सांगा.

भगिनींनो, पडद्यावरची कोणती बाई तुम्हाला आपली वाटली, ते जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी बोलू. तोवर रामराम.