घरचा हिशेब : लाभांश हातात घ्यावा की पुन्हा गुंतवावा?



गेल्या चवथीची गोष्ट. आमच्या डिचोलीच्या घरी माटोळी बांधून झाली होती, नेवऱ्यांचे डबे भरले होते, दुपारची जेवणे आटोपून सगळे ओसरीवर टेकले होते. माझा भाचा पुण्याहून आला होता. नोकरीला लागून त्याला चार वर्षे झाली आणि शेअर बाजाराचे त्याला चांगलेच वेड आहे. त्याने लॅपटॉप उघडला आणि वहिनीला म्हणाला, "आई, हे बघ. बाबांच्या शेअरवर येणारा लाभांश तू दरवर्षी खर्च करतेस. तोच पुन्हा शेअरमध्ये घातलास, तर वीस वर्षांत केवढी रक्कम होईल!"

"खर्च करते म्हणजे उधळते काय रे?" वहिनीने विचारले.

"तसं नाही गं. तुला लागतील तेवढे पैसे मी पाठवतो ना दर महिन्याला."

वहिनी काही बोलली नाही. उठून आत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली. थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरात गेले, तेव्हा हळूच म्हणाली, "वन्स, मुलगा गुणाचा आहे. पण त्याने पाठवलेले पैसे त्याचे. हे पैसे ह्यांनी माझ्यासाठी ठेवलेले. औषध घेताना मला कुणाला सांगावं लागत नाही."

मी बँकेत एकोणतीस वर्षे काम केले. लाभांश घ्यावा की गुंतवावा, हा प्रश्न काउंटरपलीकडून शेकडो वेळा ऐकला आणि त्याचे ठरलेले उत्तरही दिले. घरात तो असा उभा राहिला, तेव्हा मला तो पहिल्यापासून नीट मांडावा लागला. तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

लाभांश म्हणजे नक्की काय?

आपल्या गोव्याच्या माणसाला ही कल्पना नवी नाही. आपल्या जुन्या गावकऱ्या, ज्यांना पोर्तुगिजांनी कोमुनिदाद म्हटले आणि ज्यांची संहिता १९६१ सालीही नव्याने निघाली, त्यांचा व्यवहार आठवा. गावाची सामाईक जमीन पावणीने कसायला द्यायची, येणाऱ्या उत्पन्नातून आधी बांद, मानस, देवस्थान यांचा खर्च भागवायचा आणि उरेल ते गावकारांत वाटायचे. त्या वाट्याला आपण जोण म्हणतो. कंपनीचेही तसेच. नफ्यातला काही भाग ती धंद्यात ठेवते आणि काही भाग भागधारकांना वाटते. हा वाटलेला भाग म्हणजे लाभांश. बांदाकडे दुर्लक्ष करून सगळा जोण वाटला, तर पुढच्या भरतीला खारे पाणी शेतात शिरते. म्हणून फार मोठा लाभांश पाहिला की आधी विचारावे, बांदाचे पैसे ठेवले आहेत ना?

दोन गोष्टी तरुण मंडळींनी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली, लाभांशाची टक्केवारी शेअरच्या दर्शनी किमतीवर असते, बाजारभावावर नाही. '२०५० टक्के लाभांश' असे वाचून डोळे फिरतात. पण शेअरची दर्शनी किंमत एक रुपया असेल, तर त्याचा अर्थ शेअरमागे साडेवीस रुपये एवढाच.

दुसरी, लाभांश म्हणजे वरून पडलेले पैसे नव्हेत. कंपनीच्या तिजोरीतून ते पैसे बाहेर जातात, म्हणून लाभांशाचा हक्क संपतो त्या दिवशी शेअरचा भाव साधारण तेवढ्याने उतरतो. एका खिशातले दुसऱ्या खिशात आले, इतकेच. म्हणूनच पुढचा प्रश्न येतो, या दुसऱ्या खिशाचे काय करायचे?

भाच्याचा हिशेब

भाच्याने मांडलेले गणित बरोबर होते. समजा, तुमच्याकडे १,००० शेअर आहेत, भाव २०० रुपये आणि वर्षाचा लाभांश शेअरमागे ८ रुपये, म्हणजे चार टक्के. सोयीसाठी भाव आणि लाभांश तेवढेच राहतात असे धरू, कर बाजूला ठेवू.

हातात घेतले तर वर्षाला ८,००० रुपये, वीस वर्षांत १,६०,००० रुपये. शेअर १,०००च राहतात.

त्याच पैशांतून दरवर्षी शेअर घेतले तर पहिल्या वर्षी ४० शेअर वाढतात. पुढच्या वर्षी त्या ४० शेअरवरही लाभांश मिळतो. दहा वर्षांनी सुमारे १,४८० शेअर होतात, वीस वर्षांनी सुमारे २,१९०. जास्तीच्या १,१९० शेअरची किंमत २,३८,००० रुपये होते, आणि वर्षाचा लाभांश ८,००० वरून साडेसतरा हजारांवर जातो. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाने यावर भाळावे, यात नवल नाही. त्याच्याकडे वेळ आहे आणि चक्रवाढीला वेळच लागतो.

पण मी त्याच्याच तक्त्यात एक आकडा बदलला. वीस वर्षांनी शेअर विकायच्या वेळी भाव २०० न राहता १०० झाला तर? जास्तीच्या १,१९० शेअरचे १,१९,००० रुपये येतात. म्हणजे पैसे हातात घेणारा पुढे राहिला. या उदाहरणात भाव साधारण १३४ रुपयांच्या खाली गेला, की पुन्हा गुंतवणाऱ्याचे पारडे हलके होते. लॅपटॉपच्या तक्त्यात भाव सरळ रेषेत चालतो, बाजारात चालत नाही.

माझ्या भावाची चूक

हे मला कुठून सुचले, ते सांगते. माझा भाऊ खाणीवर नोकरीला होता. डिचोली तालुक्यात त्या काळी निम्मी घरे या ना त्या रीतीने खनिजावर चालत. कुणी नोकरीत, कुणाचा टिप्पर, कुणाचे गॅरेज, कुणाची खाणावळ. भावाने नोकरी सांभाळून एक टिप्पर घेतला. शिल्लक राहील त्यातून शेअर घेई, तेही धातू आणि खनिजाच्या धंद्यातल्या दोन-तीन कंपन्यांचे, कारण तो धंदा त्याला कळत असे. लाभांश आला की त्याच कंपन्यांचे आणखी शेअर. मीच त्याला शाबासकी दिली होती, "पैसा खात नाहीस, पेरतोस."

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ साली मर्यादा घालून परवानगी मिळाली, पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टे रद्द झाले आणि मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. भावाचा पगार आटला, टिप्पर अंगणात गंजू लागला आणि पैशांची गरज पडली तेव्हा त्याच धंद्यातल्या शेअरचे भाव खाली होते. त्याने काही शेअर तोट्यात विकले. त्यात कुठल्या कंपनीचा दोष नव्हता. दोष आमच्या हिशेबाचा होता. नोकरी, वाहन आणि गुंतवणूक तिन्ही एकाच धंद्यात, आणि लाभांशही दरवर्षी त्याच धंद्यात.

त्यातून मी शिकले ते असे. पुन्हा गुंतवणे म्हणजे त्याच शेअरमध्ये गुंतवणे नव्हे. लाभांश हातात आला की निवड करायची संधी येते. एका शेअरचा वाटा आपल्या एकूण पुंजीत फार वाढला असेल, तर त्याचा लाभांश दुसरीकडे न्यावा. विकण्याचा जीव होत नसेल, तर समतोल साधायचा हा सगळ्यांत सोपा मार्ग आहे.

लाभांश म्हणजे पगार नव्हे

वहिनीलाही एक गोष्ट सांगावी लागली. लाभांश दरवर्षी सारखा येईल असे धरू नये. उदाहरण आपल्या परिचयाचेच घेते. १९५४ साली सुरू झालेली सेसा गोवा २००७ मध्ये वेदांत समूहाकडे गेली, २०१३ मध्ये तिचे सेसा स्टरलाइट झाले आणि २०१५ मध्ये वेदांत लिमिटेड. या कंपनीने २०२२-२३ या वर्षात शेअरमागे एकूण १०१.५० रुपये लाभांश दिला, पुढच्या वर्षी २९.५० रुपये आणि त्याच्या पुढच्या वर्षी ४३.५० रुपये. हे शेअर घ्या किंवा विका, असे मी म्हणत नाही. पण १०१ रुपये गृहीत धरून ज्याने घराचा हप्ता ठरवला असेल, त्याची दुसऱ्या वर्षी काय गत झाली असेल, याचा विचार करावा. जो खर्च चुकवता येत नाही, त्याच्यासाठी ठेव, निवृत्तिवेतन असे पक्के काहीतरी हवे.

कर आणि कागद

३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनी भरत असे. १ एप्रिल २०२० पासून तो आपल्या उत्पन्नात धरला जातो आणि आपल्या पायरीप्रमाणे कर लागतो. पैसे हातात घेतले काय किंवा लगेच शेअर घेतले काय, कर तोच. म्हणून तीस टक्क्यांच्या पायरीवरच्या भाच्याला शंभर रुपयांतले सत्तरच पुन्हा गुंतवायला उरतात, वहिनीला मात्र जवळजवळ शंभर मिळतात. एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांहून जास्त लाभांश आला, तर दहा टक्के कर आधीच कापला जातो; ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, त्याआधी ५,००० होती. ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही, त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच तसे घोषणापत्र द्यावे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलांना ब्रोकरकडे एकदा सांगून ठेवले की लाभांशाचे आपोआप शेअर घेता येतात, अगदी अर्धा-पाव शेअरसुद्धा. आपल्याकडे तशी सोय सर्रास नाही. पैसे बँक खात्यात येतात आणि बुधवारच्या बाजारात कधी विरले ते कळत नाही. म्हणून पुन्हा गुंतवायचे ठरवले असेल, तर लाभांशासाठी वेगळे खाते ठेवावे. म्युच्युअल फंडात ज्यांना पैसे नकोच आहेत, त्यांनी मुळात 'ग्रोथ' पर्याय घ्यावा. तिथे नफा फंडातच राहतो आणि युनिट विकेपर्यंत कर लागत नाही.

आणि ट्रंका उघडा. सात वर्षे सलग लाभांश उचलला नाही, तर तो आणि ते शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. अर्ज करून परत मिळवता येतात, पण दमछाक होते. कागदी शेअरवरचा लाभांश तर एप्रिल २०२४ पासून केवायसी पूर्ण असल्याशिवाय खात्यात जमाच होत नाही. आमच्याच घरी भावाच्या ट्रंकेत वरच्या कपड्यांखाली असे दोन दाखले सापडले.

शेवटी काय ठरले?

चवथीच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे पुन्हा बसलो. वहिनीने वहीत खर्च लिहून काढला : औषधे, घरपट्टी, विजेचे बिल, चवथ, शिरगावच्या जत्रेची ओटी. वर्षाला तीस हजारांच्या आसपास. लाभांश येतो साधारण अठ्ठेचाळीस हजार. ठरले ते असे : तीस हजार वहिनीचे, त्याचा हिशेब कुणी विचारायचा नाही. पुढचे दहा हजार तिच्याच नावे ठेवीत, लाभांश कमी आला त्या वर्षासाठी. उरलेले आठ हजार निर्देशांकाच्या फंडात, खाणीच्या शेअरमध्ये नव्हे. भाचा स्वतःच्या शेअरचा लाभांश मात्र पूर्ण गुंतवतो. त्याच्या वयाला ते शोभते.

त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "आई, मी पैसे पाठवतो म्हटलं ते..."

"पाठव की," वहिनी म्हणाली. "घराची कौलं बदलायची आहेत."

तर मंडळी, या महिन्यात घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर एकदा बसा. लाभांश कोणाकोणाकडून येतो, कुठल्या खात्यात येतो आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, एवढे तरी एका पानावर लिहून काढा. गुंतवायचे की नाही, ते त्या पानाकडे पाहून ठरवा. आणि आईचा खर्च किती, हे तक्ता मांडण्याआधी आईलाच विचारा.

पुढच्या अंकात वारस नोंद आणि मृत्युपत्र यांतला फरक पाहू. तुमचे प्रश्न जरूर कळवा.