पंप गेला, पण खालच्या पाण्याचं काय?

शहरातला एखादा जुना पेट्रोल पंप बंद होतो. भोवती पत्रे लागतात आणि वर्षभरात तिथे नव्या टॉवरची जाहिरात झळकते. जमिनीखालच्या टाक्यांत वर्षानुवर्षं जे साठवलं, त्यातलं किती मातीत मुरलं, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. बंद पंपाखालची माती आणि पाणी तपासून अहवाल जाहीर झाल्याशिवाय त्या जागेवर एक वीटही चढू नये.

‘थोडं तेल सांडलं तर काय बिघडलं?’ म्हणणाऱ्यांनी हवाईतल्या रेड हिलकडे बघावं. होनोलुलूजवळच्या या टेकडीच्या पोटात अमेरिकी नौदलानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंधनाच्या 20 टाक्या बांधल्या. एकेक टाकी 250 फूट उंच, आणि तळापासून सुमारे 100 फुटांखाली पिण्याच्या पाण्याचा भूजलसाठा. 2014 साली एका टाकीतून 27,000 गॅलन, म्हणजे लाखभर लिटर इंधन गळालं. लोक ओरडत राहिले, टाक्या चालूच राहिल्या.

मे 2021 मध्ये पुन्हा इंधन सांडलं. त्यातलं बरंचसं आग विझवण्याच्या यंत्रणेच्या पाइपात शिरलं आणि सहा महिने तिथेच पडून राहिलं. 20 नोव्हेंबरला एका गाडीची धडक बसून तो पाइप फुटला आणि इंधन नौदलाच्या विहिरीत पोचलं. सुमारे 93,000 लोक त्या व्यवस्थेचं पाणी वापरत होते. नळाला इंधनाचा वास येतोय, पुरळ उठतंय, मळमळतंय, असं लोक सांगत होते आणि अधिकारी सुरुवातीला ‘पाणी ठीक आहे’ म्हणत होते. टाक्या बंद करण्याचा निर्णय मार्च 2022 मध्ये झाला. इंधन उपसून संपायला 2024 उजाडलं.

टाकी ज्याची, मोजमाप त्याचंच आणि ‘सगळं ठीक’ हा दाखलाही त्याचाच. खरी गोम इथे आहे.

हवाई कुठे आणि आपण कुठे, असं म्हणू नका. तिथला खडक लाव्हाचा, बसाल्ट. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भूभागही बसाल्टच. या कातळात पाणी भेगांमधून वाहतं, आणि त्यात उतरलेलं इंधनही भेग नेईल तिकडे जातं. शेजारच्या सोसायटीची बोअर कोरी राहील आणि पलीकडच्या गल्लीतली बिघडेल.

पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात भूजल वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं आणि प्रत्येक चढउतारात ते मातीला फासलं जातं. त्यातलं बेंझिन पाण्यात विरघळून पुढे सरकतं. बेंझिननं कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एका लिटरला 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग. पंपाची टाकी रेड हिलपुढे चिमुकली, मान्य. विष मात्र चिमुकल्या मापातच मोजावं लागतं.

आपल्याकडे या टाक्यांना परवाना देणाऱ्या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. तिचं नाव पेट्रोलियम अँड एक्सप्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशन. तिला स्फोटाची काळजी असणं योग्यच आहे. पण आग सगळ्यांना दिसते, भूजल नासलेलं दिसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सूचनांनुसार नवा पंप शाळा आणि वस्तीपासून 50 मीटर दूर हवा. छान. पण पंप गेल्यावर त्याच जागेवर वस्ती आली तर? अमेरिकेत टाकी कायमची बंद करताना गळती झाली का, हे तपासणं नियमानं बंधनकारक आहे. तिथे आजवर 5 लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. आपल्या टाक्या काय वेगळ्या पोलादाच्या आहेत?

खर्चाचं रडगाणं नको. जिथे चौरस फुटाला हजारो रुपये मोजले जातात, तिथे चार निरीक्षण-विहिरी आणि पाण्याची तपासणी कुणाला जड जाणार? खर्च तेल कंपनीनं आणि बिल्डरनं करावा, नमुने मात्र तिसऱ्यानंच घ्यावेत. निकाल महापालिकेच्या वेबसाइटवर, मराठीत, सर्व्हे नंबरसकट टाकावा.

तोवर एवढं तरी करा. फ्लॅट बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल कुठे आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, इथे पूर्वी काय होतं आणि बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट कुठे आहे?