तांडेलाच्या हाताखालची दोन वर्षं

वर्सोव्याच्या शासकीय मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रात सागरी मासेमारी, नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवणारा सहा महिन्यांचा वर्ग चालतो. चौथी पास, वय 18 ते 35, पोहता येणं आणि मासेमारीचा किमान दोन वर्षांचा अनुभव, अशा त्याच्या अटी आहेत. यातली अनुभवाची अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. दर्यावरची पहिली शाळा म्हणजे होडी, हे तिने मान्य केलं आहे. मग त्या शाळेत काढलेल्या दोन वर्षांची नोंद कुठे असते? वरळी कोळीवाड्यातला पोरगा भरतीचं उधाण आणि भांग, वाऱ्याची चाल, शेवंड कुठल्या खडकाच्या कडेला सापडते, क्लीव्हलँड बंदरातून होडी कशी बाहेर काढायची, हे सगळं तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याच्या, हाताखाली शिकतो. पण इंजिनात बोट सापडलं किंवा दुसऱ्या बंदरात काम मागायला जायची वेळ आली, तर ही दोन वर्षं दाखवायला त्याच्याकडे कागदाचा चिटोराही नसतो.

त्याच गल्लीतला दुसरा मुलगा आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार लागला, की 1961 चा शिकाऊ उमेदवारी कायदा त्याच्या पाठीशी येतो. त्याचा लेखी करार होतो, तो सरकारदरबारी नोंदला जातो. 2019 मध्ये नियम बदलले तेव्हा दरमहा किमान विद्यावेतन शिक्षणानुसार 5000 ते 9000 रुपये ठरलं आणि त्यातला चौथा हिस्सा, कमाल 1500 रुपये, प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार उचलतं. याच कायद्याखाली नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय त्याच्याकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही, कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची असते आणि वाद झाला तर त्याच सल्लागाराकडे दाद मागता येते. एक गोष्ट मात्र प्रत्येक उमेदवाराने आणि त्याच्या आईवडिलांनी नीट समजून घ्यावी. कलम 18 प्रमाणे तो कामगार नसून शिकणारा आहे, त्यामुळे याच कायद्यात सांगितलेले अपवाद सोडले, तर कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. त्याचा खरा आधार म्हणजे तो करार. म्हणून ट्रेडचं नाव, मुदत आणि विद्यावेतनाचा आकडा वाचल्याशिवाय सही करू नये. करार सरकारी पोर्टलवर खरोखर नोंदला गेला का, हेही आपल्या डोळ्यांनी पाहावं. आणि रोज काय शिकलो याची वही ठेवावी, कारण नुसतं झाडू मारायला आणि सामान उचलायला लावलं, तर तक्रारीच्या वेळी तीच वही बोलते.

माझं म्हणणं असं, की हा कायदा होडीपर्यंत न्यायला हवा, आणि ते शक्य आहे. अडचण आकड्यांची आहे. 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. दोन-तीन माणसांची होडी त्यात कुठेच बसत नाही. पण अनेक मालकांनी एकत्र येऊन, मान्यता मिळालेल्या एखाद्या मध्यस्थ संस्थेमार्फत उमेदवारांना शिकवावं, अशी सोय याच कायद्याच्या कलम 8 मध्ये आहे. कोळीवाड्यात अशी संस्था नव्याने काढायची गरज नाही. वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था 2019 मध्ये सागरी किनारा रस्त्याविरुद्ध उच्च न्यायालयात उभी राहिली. पुढे रस्त्याच्या खांबांमधलं अंतर होड्यांसाठी 60 मीटरवरून 120 मीटर करून घेण्यात इथल्या मच्छीमारांना यश आलं. एवढा कागद हाताळणाऱ्यांना वीस-पंचवीस करार जड नाहीत. वर्सोव्याच्या वर्गासाठी मच्छीमार संस्थेची शिफारस आजही लागतेच. शासनाने अशा संस्थेखालच्या सगळ्या होड्या मिळून एक आस्थापना मानावी.

दर्या कागदावर शिकता येत नाही, असं जुने नाखवे, म्हणजे होडीमालक, म्हणतील. खरंच आहे. पण काय काय शिकवायचं हे लिहून ठेवलं, की पोराला दोन वर्षं नुसती जाळी ओढायला लावता येत नाहीत. इंजिन, जीपीएस, वायरलेस, लाइफ जॅकेट हे त्याला शिकवावंच लागतं. घरच्या मुलाला करार कशाला, हा प्रश्नही येईल. मुंबईच्या किनाऱ्यावर परप्रांतातले खलाशी मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यासाठी तर करार हवाच. घरचा मुलगाही उद्या इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकायला बँकेत गेला, तर वडिलांचा शब्द तिथे पुरत नाही.

पैशाचा आक्षेप सर्वांत खरा आहे. मासळी घटली, डिझेल महाग झालं. नाखवा दरमहा 5000 कुठून देणार? मुलाला आज मासळीतून मिळतो तो वाटा त्यात धरायचा की नाही, याचा निर्णय सल्लागाराला द्यावा लागेल, आणि तरीही तूट राहीलच. ती राज्य सरकारने भरावी, असं मी स्पष्ट म्हणते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 2024 पासून राज्याने 6000 ते 10000 रुपये दरमहा विद्यावेतन आपल्या तिजोरीतून दिलं, पण तिथे किमान बारावीची अट आहे. आठवी-नववीत शाळा सोडून होडीवर गेलेला मुलगा त्यातून आपोआप वगळला जातो, आणि नेमकी त्यालाच या पैशाची सर्वांत जास्त गरज आहे. अपघाताच्या जोखमीसाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मृत्यूला 5 लाख रुपयांचा गट विमा आहे. संस्थेने प्रत्येक उमेदवाराचं नाव पहिल्याच दिवशी त्यात घालावं.

उरतो शिकवायला वेळ कधी, हा प्रश्न. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत होड्या वर ओढलेल्या असतात, इंजिनं दुरुस्तीला खोललेली असतात, जाळी विणायला काढलेली असतात आणि तांडेल घरी असतो. संस्थेने फक्त हजेरीपट उघडायचा आहे.