आनुवंशिकतेचा अर्धाच धडा

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन-फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली. गोठ्यात तिचे कौतुक होते. त्याच अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी त्याचे संबंध असल्याच्या संशयावरून शाळेतून नेऊन त्याला मारले, अशी फिर्याद होती. २०१७ मध्ये खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले.

गोठ्यातला न्याय माणसांना लावावा, असे कोणी म्हणत नाही. माणसे म्हणजे पैदाशीची जनावरे नव्हेत. प्रश्न शाळेचा आहे. जेथे गुणसूत्रे आणि मेंडेलचे वाटाणे शिकविले जातात, तेथील मुलांच्या मनात ‘आपले रक्त’ ही कल्पना शाबूत कशी राहते? ३:१ हे प्रमाण परीक्षेत विचारले जाते. उच्चनीचतेचे जनुक नसते, हे विचारले जात नाही, म्हणून.

मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे पुस्तकात छापलेले आहे. विद्यार्थी आकृती काढून गुण मिळवितात, आणि घरी तिसऱ्या मुलीबद्दल आईला बोल लावला जातो तेव्हा गप्प बसतात. अर्थात दोष बापाचा, असाही याचा अर्थ नव्हे. मुलगी होणे हा दोषच नव्हे. परंतु हे वाक्य कोणत्याही आकृतीतून आपोआप निघत नाही, ते शिक्षकाला बोलावे लागते. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९०० मुलीही नव्हत्या. ती यंत्रे अडाण्यांनी चालविली नाहीत. ते हात आनुवंशिकता शिकून, पदवी घेऊन आलेले होते.

विज्ञानाच्या तासाला समाजकारण कशाला, असा आक्षेप येईल. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला युजेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. कवट्यांच्या मोजमापांतून गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व दिसावे, ही गुरूंची अपेक्षा. मोजमापे तसे दाखवीनात, आणि बाईंनी तसे लिहून दिले. पुढे फिशर यांच्यासारख्यांच्या शास्त्राचा आधार घेऊन नाझी राजवटीने १९३३ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. सुमारे ४ लाख माणसे तिला बळी पडली. ते समाजकारण विज्ञानाच्या तासालाच शिकविले जात होते!

शिक्षक धास्तावतात, हे खरे. संस्थाचालक आणि गावकी यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाकडून एकट्याने धैर्य दाखविण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्याचे प्रशिक्षण व्हावे, परंतु त्याआधी परीक्षा मंडळाने प्रश्नपत्रिकेत या विषयावर दरवर्षी एक सक्तीचा प्रश्न घालावा. मग कोणी जाब विचारला, तर परीक्षेला येते म्हणून शिकविले, एवढे तरी त्याला सांगता येईल.