खुनाक : जंतू घशात, घाव काळजावर

घटसर्पाला उर्दूत खुनाक म्हणतात. शब्द मूळ अरबी, अर्थ गळा आवळणे. जुन्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले तेच नाव दिले: घशात करडा, चिवट पापुद्रा, ओढला तर रक्त, सुजलेली मान, कोंडलेला श्वास. मराठी नावात मात्र सर्प आहे, आणि आम्हाला ते अधिक नेमके वाटते. या आजारात जीव घेते ते विष.

१८८४ मध्ये जर्मनीच्या लोफ्लरने हा जंतू वेगळा करून वाढवला, तेव्हा त्याला कोडे पडले. जंतू टोचल्या जागीच सापडत, बिघाड मात्र दूरच्या अवयवांत. चार वर्षांनी पॅरिसमध्ये रू आणि यर्सिन यांनी जंतू वाढवलेला द्रव इतका बारीक गाळला की त्यात एकही जंतू उरला नाही. तो टोचला तरी जनावरे मेली.

विषाच्या कणाचे दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या दाराला चिकटतो. ते दार पेशीने भल्या कामासाठी ठेवलेले, म्हणून ती बिचारी पाहुणा समजून त्याला पिशवीत घालून आत घेते. पिशवीत आंबटपणा वाढला की दुसरा भाग तिच्यातून निसटून पेशीत उतरतो. तिथे प्रथिने विणण्याचे काम अखंड चालू असते. आपल्या शहरातला हिमरूचा माग आठवा. सूत आहे, रंग आहे, कारागीर बसला आहे, पण धोटाच कुणी जखडून टाकला! एक धोटा जखडून हा कण थांबत नाही, पुढच्या मागाकडे वळतो. असा एकच कण पेशी मारायला पुरतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवले.

घशातला पापुद्रा बराचसा या मेलेल्या पेशींचाच. उरलेले विष रक्तातून हृदयाच्या स्नायूंकडे आणि मज्जातंतूंकडे जाते. घसा निवळतो, घरचे निश्चिंत होतात, आणि दुसऱ्या आठवड्यात काळीज दगा देते. कुणाचे प्यालेले पाणी नाकातून परत येते.

अँटिबायोटिक जंतू मारते, सुटलेले विष नाही. त्यासाठी घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष लागते. (पूनावालांचे म्हातारे घोडे अशाच कामासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेत जात. त्यातूनच १९६६ मध्ये पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट सुचली.) पण प्रतिविषही पेशीबाहेरचेच विष पकडते, आत उतरलेले नाही. म्हणून घशात पापुद्रा दिसला तर हळद-मधात दिवस घालवू नयेत, त्याच दिवशी घाटी गाठावी.

लस म्हणजे हेच विष, फॉर्मालिनने निकामी केलेले. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या सुया बहुतेक घरांत होतात. दीड वर्षाची आणि पाच वर्षांची मात्र राहते, कारण ताप येतो, पाय दुखतो आणि दादी रागावते. ताप एक-दोन दिवसांचा. आधीच्या सुयांचे बळ मात्र वर्षांगणिक ओसरते.

मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. शाळेत टोचणी असली की आम्ही संमतीच्या चिठ्ठ्या घरी पाठवतो. काही कोऱ्याच परत येतात. काही पालक निरोप देतात, ‘धनुर्वाताची सुई कशाला? पोराला कुठे लागलंय?’ टीडीतला टी धनुर्वाताचा. डी घटसर्पाचा आहे.